कर्ता नसलेलं वाक्य

गिरणीच्या गावात वाईट बातमी कागदावर येते. पहिल्या पाळीचा माणूस सायकल हातात धरून गेटपाशी थांबतो, हँडलला अडकवलेला डबा अजून हलत असतो, आणि टाइमकीपरच्या खिडकीशेजारी असलेल्या फळ्याभोवती रोजच्यापेक्षा जास्त डोकी दिसतात. पुढे उभा असलेला, बरं वाचता येणारा एखादा जण मोठ्यानं वाचू लागतो. मागून कोणी विचारतो, ‘का लिवलं हाये गा?’ मजकूर साधारण ठरलेला असतो : आर्थिक अडचणींमुळे अमुक तारखेपासून पुढील आदेश होईपर्यंत काम बंद ठेवण्यात येत आहे, संबंधितांनी नोंद घ्यावी.

‘ठेवण्यात येत आहे.’ कोणाकडून? वाक्य त्याचं उत्तर देत नाही. शाळेत व्याकरणाच्या तासाला क्रियापदाला ‘कोण’ असा प्रश्न विचारला की कर्ता सापडतो, असं शिकवलेलं असतं. नोटिशीच्या मराठीला हा प्रश्न विचारून बघावा, वाक्य सरळ हात वर करतं. काम बंद ‘पडतं’, माणसं ‘कमी होतात’, खाती ‘विलीन होतात’, पण बंद पाडणारा, कमी करणारा कुठेच नसतो. पाऊस पडावा तशी नोकरी जाते.

हिंगणघाट आणि पुलगाव या वर्धा जिल्ह्यातल्या दोन गावांना या मराठीची जुनी ओळख आहे. हिंगणघाटचा कापूस ब्रिटिशांच्या काळात लँकेशायरपर्यंत नाव मिळवून होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला इथे आणि रेल्वेमार्गावरच्या पुलगावला सूतगिरण्या, कापडगिरण्या उभ्या राहिल्या. हिंगणघाटची रायबहादूर बन्सीलाल अबीरचंद मिल पुढे 1974 च्या राष्ट्रीयीकरणाच्या कायद्याने नॅशनल टेक्स्टाइल कॉर्पोरेशनकडे गेली, मोहता मिल खासगी राहिली. भोंग्यावर गावाची घड्याळं लागत होती. मग भोंगे एकेक करून थांबले आणि पुलगावची गिरणीही बंद पडली. (बघा, लिहिणाऱ्याच्याही हातून तेच क्रियापद सुटलं.)

या गावांच्या बोलण्यात नोकरी जाण्याला नेमके शब्द आहेत. ‘हिशेब घेतला’ म्हणजे माणूस कायमचा बाहेर पडला, ग्रॅच्युइटी-फंड हाती आला. ‘हिशेब दिला’ म्हणजे मालकानं बाहेर काढला. ‘घरी बसवलं’ याचा अर्थ नाव मस्टरवर आहे पण काम नाही. ‘नाव कापलं’ हा त्यातला सर्वांत निखळ शब्द, कारण त्यात कापणारा हात दिसतो. नोटीस कधीही ‘नाव कापलं’ म्हणत नाही.

कायद्याचेही आपले शब्द आहेत आणि वर्तमानपत्रं ते सर्रास एकमेकांत मिसळतात. आज ‘ले-ऑफ’ म्हटलं की नोकरी गेली असं आपण समजतो. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात मात्र ले-ऑफ म्हणजे कोळसा नाही, वीज नाही, कच्चा माल नाही, यंत्र बिघडलं म्हणून तात्पुरतं काम न देणं. त्यात नाव मस्टरवर राहतं आणि पात्र कामगाराला मूळ पगार व महागाई भत्त्याचा निम्मा भाग मिळतो. कायमचं काढणं म्हणजे ‘रिट्रेंचमेंट’, मराठीत कपात. कारखानाच बंद करणं ही तिसरी गोष्ट. आणि मालकानं दबाव आणायला गेट बंद करणं ही टाळेबंदी. 2020 च्या मार्चमध्ये मराठी वर्तमानपत्रांनी ‘लॉकडाउन’साठी हाच शब्द उचलला, तेव्हा जुन्या गिरणी कामगारांना तो काही नवा नव्हता.

शब्दांचा हा खल पांडित्यासाठी नाही. कोणता शब्द वापरला यावर घरात किती पैसे येणार हे ठरतं. स्वतःहून राजीनामा दिला किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली तर कायद्याच्या व्याख्येत ती कपात होत नाही. कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत नोकरी गेलेल्या विमाधारकाला 90 दिवसांपर्यंत सरासरी रोजाच्या निम्म्यापर्यंत भत्ता मिळू शकतो, पण स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला नाही. त्यामुळे मनुष्यबळ विभागातला माणूस समोर कागद सरकवून ‘तुम्ही राजीनामा द्या, तुमच्याच रेकॉर्डला बरं’ असं म्हणतो, तेव्हा तो एका वाक्यात कारण बदलतो, हक्क बदलतो आणि निर्णय घेणाराही बदलतो. ‘स्वेच्छानिवृत्ती’ या शब्दातली स्वेच्छा नेमकी कोणाची, हा विनोद गिरणगावात जुना आहे.

असा कागद सरकवला जातो तो बंद खोलीत. 2017 च्या जुलैत मात्र अशी एक खोली उघडी पडली. टेक महिंद्रा या पुण्यात मुख्यालय असलेल्या कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याशी मनुष्यबळ विभागाचं झालेलं फोनवरचं बोलणं ध्वनिमुद्रित होऊन सगळीकडे पसरलं. खर्चकपातीच्या यादीत नाव आहे, दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत राजीनामा द्या, नाहीतर काढून टाकलं जाईल, असा त्याचा आशय होता. आवाज चढलेला नव्हता, शिवी नव्हती, आणि ऐकणाऱ्यांना त्याचंच जास्त लागलं. महिंद्रा समूहाचे प्रमुख आनंद महिंद्रा यांनी जाहीरपणे व्यक्तिशः माफी मागितली. व्यक्तीची प्रतिष्ठा जपणं हे समूहाचं मूल्य आहे आणि पुन्हा असं होणार नाही, असं त्यांनी सांगितलं. कंपनीच्या वरिष्ठांनीही खेद व्यक्त केला. माफी दिलदार होती यात शंका नाही. तरी एक गोष्ट नजरेतून सुटू नये : माफी मागितली गेली ती पद्धतीबद्दल. यादी कशी झाली आणि त्यात नाव का आलं, हे त्या फोनवर जितकं कळलं त्याहून जास्त नंतरही कळलं नाही.

कारण सांगणं ही मालकाची मेहरबानी नाही, हे आपल्या कायद्याने बरंच आधी मानलं आहे. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 25-एफनुसार किमान एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला कमी करायचं तर महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, सेवेच्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार, आणि त्या नोटिशीत कपातीची कारणं, असं सगळं लागत असे. महाराष्ट्राने 1971 साली कामगार संघटना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांचा कायदा केला. त्याच्या चौथ्या अनुसूचीत पहिल्याच नोंदीत, कामगाराला उघडउघड खोट्या कारणासाठी काढणं ही अनुचित प्रथा ठरवली आहे. म्हणजे कारण नुसतं असून भागत नाही, ते खरं असावं लागतं.

या संदर्भात मुंबईच्या एक्सेल वेअर या कंपनीचा खटला आठवण्यासारखा आहे. निर्यातीचे कपडे शिवणाऱ्या या कारखान्यात सुमारे 400 कामगार होते. 1976 च्या दुरुस्तीने मोठे कारखाने बंद करण्याआधी सरकारची परवानगी घेणं बंधनकारक झालं होतं. कंपनीने परवानगी मागितली, महाराष्ट्र सरकारने नाकारली. 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. त्यामागच्या मुद्द्यांपैकी एक मुद्दा मोठा गमतीचा होता. परवानगी नाकारताना सरकारने कारणं द्यायला हवीत अशी सक्ती त्या कलमात नव्हती! मालकाला ‘का’ विचारणारा कायदा सरकारला ‘का’ विचारायला विसरला होता. पुढे 1982 साली कलम सुधारून आलं आणि परवानगीची मर्यादा 300 वरून 100 कामगारांवर आणली गेली. 21 नोव्हेंबर 2025 पासून जुन्या कायद्याच्या जागी नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली तेव्हा ती पुन्हा 300 वर गेली. मधल्या आकाराच्या कारखान्यांना आता सरकारदरबारी बंद करण्याचं कारण पटवून द्यावं लागत नाही. कामगाराला नोटिशीत कारण सांगणं मात्र सुटलेलं नाही.

पण कायदा विचारतो ते कारण एका कागदापुरतं. मालक जगाला जे सांगतो, त्याला वेगळेच कान असतात.

एकच कपात तीन ठिकाणी तीन भाषांत सांगितली जाते. शेअर बाजाराला ती ‘कार्यक्षमता’ म्हणून कळते. पत्रकारांसमोर ती ‘जागतिक परिस्थिती’ होते. ज्याची नोकरी गेली त्याच्या ईमेलमध्ये ती ‘आपल्या योगदानाबद्दल आभार’ यांच्यामागे दबून बसते. तिन्हींत थोडंथोडं खरं असू शकतं. नैतिक प्रश्न सुरू होतो तो एका कानात सांगितलेलं दुसऱ्या कानात पडलं तर चालणार नाही, अशी वेळ आल्यावर.

मुंबईने या तिन्ही भाषा एकाच आठवड्यात ऐकल्या आहेत. ऑक्टोबर 2008. अमेरिकेत लेहमन ब्रदर्स कोसळून महिना झाला होता, इंधन महाग होतं, आणि 13 तारखेला जेट एअरवेजने कट्टर प्रतिस्पर्धी किंगफिशरशी सहकार्याची घोषणा केली. लगेच जेटने सुमारे 800 जणांना कमी केलं. दुसऱ्या दिवशी आकडा 1,900 वर जाणार असल्याचं कळलं. काढलेल्यांत तरुण केबिन क्रू मोठ्या संख्येने होते, अनेक जण अजून परिवीक्षेवरचे. गणवेश घातलेल्या मुली विमानतळाबाहेर, कंपनीच्या कार्यालयाबाहेर रडत, घोषणा देत उभ्या होत्या. दिवसभर ती चित्रं वाहिन्यांवर फिरली. कर्मचारी राज ठाकरे यांना भेटायला गेले आणि मुंबईतून जेटचं विमान उडू देणार नाही असा इशारा मनसेने दिला. कंपनीचं म्हणणं सरळ होतं : तोटा आहे, मार्ग कमी करतो आहोत, तेवढी माणसं ठेवणं परवडत नाही.

16 ऑक्टोबरच्या रात्री अध्यक्ष नरेश गोयल स्वतः पत्रकारांपुढे आले आणि सगळ्यांना परत घेत असल्याचं त्यांनी जाहीर केलं. झाल्या मनस्तापाबद्दल माफी मागितली, कर्मचारी आपलं कुटुंब आहे म्हणाले, त्यांचे अश्रू पाहवले नाहीत म्हणाले. कपातीचा निर्णय व्यवस्थापनाचा होता आणि आपल्याला तो नंतर कळला, असाही त्यांचा सूर होता. राजकीय दबावाचं कारण त्यांनी नाकारलं.

त्या रात्री घरोघरी सुटकेचा निःश्वास पडला असणार. तरी दोन दिवसांच्या त्या नाट्यात ‘का’ या प्रश्नाचं जे झालं ते पाहण्यासारखं आहे. मंगळवारी-बुधवारी कारण अर्थशास्त्राचं होतं आणि ते अटळ होतं. गुरुवारी रात्री कारण हृदयाचं झालं आणि अर्थशास्त्र गायब झालं. तोटा दोन दिवसांत भरून निघालेला नव्हता. मग पहिलं कारण खरं नव्हतं, की दुसरं? आणि ज्याच्या नावावर कंपनी ओळखली जायची त्याला 1,900 माणसांची कपात नंतर कळली हे खरं मानलं, तर त्याहून मोठा प्रश्न उभा राहतो. इथे वाक्याला कर्ता मिळाला, पण तो ‘व्यवस्थापन’ नावाचा, चेहरा नसलेला.

जेटची विमानं शेवटी 17 एप्रिल 2019 रोजी थांबली. बँकांकडे तातडीचे 400 कोटी रुपये मागितले होते, ते मिळाले नाहीत, असं कंपनीने सांगितलं. त्या वेळी अश्रू पाहून निर्णय फिरवणारं कोणी उरलं नव्हतं. कर्मचाऱ्यांचे पगार काही महिन्यांपासूनच थकलेले होते, त्यामुळे बातमी त्यांना बँकेच्या एसएमएसनं, म्हणजे तो न आल्यानं, आधीच कळलेली होती.

वर्ध्याच्या आजच्या तरुणांना मात्र विमान किंवा गिरणीपेक्षा आयटी जवळची. सेवाग्रामच्या किंवा नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून निघायचं, मिहान नाहीतर हिंजवडी गाठायची, हा अनेक घरांचा ठरलेला रस्ता. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही त्यातली सरकारी नोकरीसारखी मानली जाणारी कंपनी. ‘टीसीएसला लागला’ एवढं सांगितलं की सोयरिकीच्या बोलणीत पुढचे प्रश्न कमी होत.

2014-15 च्या हिवाळ्यात या कंपनीत 25 हजार जणांना काढणार अशा बातम्या पसरल्या. कंपनीने त्या नाकारल्या आणि आपला आकडा दिला : कामगिरीच्या कारणावरून 2,574 जण बाहेर गेले, एकूण संख्येच्या सुमारे एक टक्का. आकडा जाहीर केला हे चांगलंच झालं, अफवेला तेवढा एकच उतारा असतो. पण कारणाकडे बघा. ‘मंदी आहे’ म्हटलं तर काढलेला माणूस बाजारात निर्दोष उभा राहतो. ‘कामगिरी’ म्हटलं की ठपका त्याच्यावर येतो, आणि तोही जाहीर, सरसकट, 2,574 जणांवर एकदम. प्रत्येकाचं मूल्यमापन खरंच तसं असेलही. ते बाहेर कोणाला तपासता येत नाही, आणि ज्याच्याबद्दल ते आहे त्याला उत्तर द्यायला व्यासपीठ नाही. कंपनीचं नाव राखायला वापरलेला शब्द गेलेल्या माणसाचं नाव खर्ची घालतो. पुढच्या मुलाखतीत समोरचा विचारतो, ‘तुम्ही त्या लॉटमधले का?’

जुलै 2025 मध्ये हेच पुन्हा, मोठ्या प्रमाणावर. मुख्य कार्यकारी अधिकारी के. कृतिवासन यांनी एका मुलाखतीत सांगितलं की वर्षभरात सुमारे दोन टक्के, म्हणजे 12 हजारांवर माणसं कमी होतील, मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतली. जूनअखेर कंपनीत 6,13,069 कर्मचारी होते. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे हे होत नसून कौशल्यं आणि उपलब्ध कामं यांचा मेळ बसत नाही, असं कारण त्यांनी दिलं. नोटिशीच्या काळाचा पगार आणि भरपाई देऊ, असंही सांगितलं. त्याच्या महिनाभर आधीच कंपनीने नियम केला होता की कर्मचाऱ्याने वर्षात 225 दिवस ग्राहकाच्या बिलात मोजल्या जाणाऱ्या कामावर असावं आणि रिकामं बसणं 35 दिवसांपलीकडे जाऊ नये. पुण्यातल्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे तक्रार केली.

सप्टेंबरअखेर संख्या 5,93,314 झाली, म्हणजे तीन महिन्यांत 19,755 ने घट. कंपनीच्या म्हणण्यानुसार कपातीत गेलेले त्यात सुमारे सहा हजार. उरलेल्यांत आपल्या मर्जीने गेलेले किती आणि ‘मर्जीने’ गेलेले किती, हे अवतरणचिन्हाच्या आत-बाहेरचं गणित बाहेरच्या माणसाला सुटत नाही.

‘कौशल्यांचा मेळ नाही’ हा शब्द ‘कामगिरी’पेक्षा मऊ आहे हे मान्य करायला हवं. तरी वीस वर्षं त्याच कंपनीत काम केलेल्या माणसाची कौशल्यं कोणी घडवली? कोणत्या प्रकल्पावर बसायचं, कोणती प्रणाली शिकायची, हे बहुतेक वेळा त्याच्या हातात नव्हतं. मेळ बसत नसेल तर तो दोघांचा बसत नाही. जाहीर वाक्यात मात्र अर्धाच भाग येतो.

कारणाचा हा डळमळीतपणा फक्त आपल्याकडचा नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये अ‍ॅमेझॉनने कार्यालयीन 14 हजार पदं कमी करताना कर्मचाऱ्यांना पाठवलेल्या पत्रात कृत्रिम बुद्धिमत्ता किती वेगाने जग बदलते आहे याचा उल्लेख होता. दोनच दिवसांनी प्रमुख अँडी जॅसी यांनी गुंतवणूकदारांना सांगितलं की कपात पैशामुळे नाही, आत्ता तरी एआयमुळेही नाही, ती कंपनीच्या संस्कृतीसाठी आहे. म्हणजे मंगळवारचं कारण गुरुवारी राहिलं नाही. मुंबईतही 2008 ला दिवस हेच होते, हा निव्वळ योगायोग.

मालकाची बाजूही ऐकायला हवी, कारण ती पोकळ नाही. कारखाना अडचणीत आहे असं त्यानं आधी सांगितलं तर बँक हात आखडते, सूत पुरवणारा उधारी बंद करतो, चांगले कारागीर आधी निघून जातात, आणि कदाचित वाचला असता तो कारखाना सांगण्यानेच बुडतो. शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपनीला महत्त्वाची माहिती एकाला आधी आणि दुसऱ्याला नंतर देता येत नाही. वकील सांगतो, जितकं कमी लिहाल तितकं कोर्टात कमी अडकाल. त्यामुळे नोटीस कोरडी होते, आणि दरवेळी त्यामागे काळीज नसतं असं नाही.

कोरडेपणा क्षम्य आहे. कारण भलतंच चिकटवणं ही वेगळी गोष्ट. तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्याची हकिगत इथे आठवते. कंपनीने 2017 सालीच भारतात गाड्या विकणं थांबवलं होतं, तळेगावला फक्त निर्यातीचं उत्पादन होतं. जानेवारी 2020 मध्ये कारखाना चीनच्या ग्रेट वॉलला विकण्याचा करार झाला. डिसेंबर 2020 मध्ये उत्पादन थांबलं. आणि एप्रिल 2021 मध्ये 1,419 कामगारांना ले-ऑफ देताना कोविडच्या साथीचा आधार घेतला गेला. ले-ऑफ, म्हणजे कायद्याच्या भाषेत तात्पुरती अडचण. कामगार संघटनेने तो बेकायदा म्हणून आव्हान दिलं. साथ खरी होती, त्यात वाद नाही. पण कारखाना विकायला काढल्याचं जगजाहीर झालेलं असताना कामगाराच्या पत्रात विषाणू यावा, हे वाचणाऱ्याला खटकल्याशिवाय राहत नाही.

आणि काही ठिकाणी कारणही येत नाही. मार्च 2020 मध्ये देश बंद झाला तेव्हा नॅशनल टेक्स्टाइल कॉर्पोरेशनच्या चालू असलेल्या 23 गिरण्याही थांबल्या. त्यात वर्ध्याशेजारच्या अमरावती जिल्ह्यातली अचलपूरची फिनले मिल होती. मुंबईची फिनले अचलपुरात नव्याने उभारली तेव्हा तिचं केवढं कौतुक झालं होतं. देश उघडला, बाजार उघडले, एसटी सुरू झाली, गिरणी उघडली नाही. ना कपात, ना बंदची घोषणा. कामगार मस्टरवर, पगार निम्मा, वर्षामागून वर्ष. इथला मालक खुद्द केंद्र सरकार. खासगी मालकाकडून ज्या नोटिशीची अपेक्षा सरकारचा कायदा करतो, ती सरकारी गिरणीच्या फळ्यावर लागायचं कारणच पडलं नाही, कारण कागदोपत्री काही घडलेलंच नव्हतं. हिंगणघाटच्या भाषेत सांगायचं तर सगळ्यांना घरी बसवलं.

याहून खालची पायरी कंत्राटी कामगाराची. देवळी, हिंगणघाट, बुटीबोरी, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत जा, ‘ब्रेक’ हा शब्द ऐकू येतो. बारा महिन्यांत 240 दिवस भरले की कामगाराच्या बाजूने कायद्याचे हक्क उभे राहतात, म्हणून ते भरण्याआधी ठेकेदार त्याला काही दिवसांचा ब्रेक देतो. त्याला नोटीस नसते. आदल्या संध्याकाळी फोन येतो, ‘उद्यापासून नको येऊ, मी सांगतो मग.’ गेटवरच्या यंत्राला अंगठा लावला तरी दार उघडत नाही. कंपनीच्या अहवालात हा माणूस कपातीत मोजला जात नाही, कारण भरतीतही तो मोजला गेला नव्हता. जाहीर कारणांची सगळी चर्चा जिथपर्यंत जाते, तिथून बरीच माणसं पुढे उभी असतात.

मग सरळ सांगणं शक्य तरी आहे का? काही जणांनी केलं आहे. मे 2020 मध्ये एअरबीएनबीचे प्रमुख ब्रायन चेस्की यांनी 7,500 पैकी सुमारे 1,900 जणांना कमी करताना लिहिलेलं पत्र कर्मचाऱ्यांना आधी गेलं आणि मग जगासाठी खुलं झालं. पैसा किती आटला, कोणती कामं बंद होणार, माणसं कोणत्या निकषावर निवडली, कोणाला काय मिळणार, हे त्यात क्रमानं होतं, आणि गेलेल्यांचा दोष नाही हेही स्पष्ट होतं. टीका करणाऱ्यांनी त्यावरही टीका केली, पण त्या पत्रातल्या क्रियापदांना कर्ता होता.

इकडे महाराष्ट्रात 2007 च्या सप्टेंबरमध्ये बजाज ऑटोने आकुर्डीचं उत्पादन थांबवलं. कारण रोकडं होतं : करसवलती असलेल्या ठिकाणी गाडी स्वस्त पडते, आकुर्डीत पडत नाही. सुमारे 2,700 कामगारांचे पगार चालू ठेवून कंपनी पुढे स्वेच्छानिवृत्तीच्या वाटेने गेली. निर्णयावर पुण्या-पिंपरीत गदारोळ झाला, कारखाना हलवण्याचा हिशेब कोणाला पटला, कोणाला नाही. हिशेब मांडलेला होता एवढं खरं, आणि म्हणून त्याच्याशी भांडता आलं. या घराण्याचं वर्ध्याशी नातं जुनं. जमनालाल बजाज इथल्या बच्छराज शेठच्या घरी दत्तक आले, इथेच 1942 साली गेले. त्यांचे चिरंजीव कमलनयन वर्ध्याचे खासदार होते आणि बजाज ऑटोचा पाया त्यांच्याच काळातला.

ज्यांना जमनालालजींनी वर्ध्याला आणलं, त्या गांधींनी मालक-मजुरांच्या भांडणात कारणं कशी मांडावीत याचा धडा सेवाग्रामच्या खूप आधी घालून दिला होता. फेब्रुवारी 1918 मध्ये अहमदाबादच्या गिरणीमालकांनी प्लेगच्या काळात दिलेला बोनस काढून घेतला आणि टाळेबंदी केली. मजुरांची मागणी 35 टक्के वाढीची ठरली. साबरमतीच्या काठी बाभळीच्या झाडाखाली रोज सभा होई, आणि लढ्याच्या दिवसांत पत्रकं निघत. त्यात मजुरांची बाजू होती तशी मालकांची अडचणही होती, मागणीचा आकडा कसा काढला तेही होतं.  शेवटी प्रकरण आनंदशंकर ध्रुव यांच्या लवादाकडे गेलं आणि 35 टक्के मान्य झाले. वाचता न येणाऱ्या हजारोंसाठी ती पत्रकं मोठ्यानं वाचली जात, गिरणीच्या फळ्यावरच्या नोटिशीसारखीच.

आता फळ्याची जागा संगणकाने घेतली आहे. माणूस नोकरीतून गेला की मालकाला भविष्यनिर्वाह निधीच्या विवरणात त्याच्या नावापुढे नोकरी सोडल्याची तारीख आणि कारण भरावं लागतं. कारणासाठी रकान्यात एकेक अक्षर आहे. आर म्हणजे निवृत्ती, एस म्हणजे वयोमानानुसार सेवासमाप्ती, डी म्हणजे मृत्यू, पी म्हणजे कायमचं अपंगत्व, आणि सी म्हणजे सेसेशन, सेवा थांबली. जास्त पगारावर दुसरीकडे उडी मारणारा आणि सकाळी दहापर्यंत राजीनामा दे म्हणून सांगितलेला, दोघंही सी. हिंगणघाटच्या घरी परतलेला मुलगा फंड काढायला मोबाइलवर ते पान उघडतो, तेव्हा शेजारी बसलेले, गिरणीत तीस वर्षं काढलेले वडील चष्मा लावून वाकून बघतात आणि विचारतात, ‘का लिवलं हाये गा?’